फवारणीच्या कंत्राटावर सही करण्याआधी

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कमिटी सदस्य,
मुंबईतील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: वार्षिक पेस्ट कंट्रोल कंत्राट आणि त्याऐवजी करण्यासारखी कामं

सप्रेम नमस्कार,

लिफ्टशेजारच्या फलकावर दर तीन महिन्यांनी एक नोटीस लागते: 'रविवारी सकाळी १० ते १ पेस्ट कंट्रोल. सभासदांनी ओट्याखालची भांडी काढून ठेवावीत.' ठरल्या वेळी पाठीवर पंप घेतलेला मुलगा येतो, सिंकखाली, बाथरूमच्या कोपऱ्यांत आणि दाराच्या चौकटीला फवारा मारतो, वहीत सही घेतो आणि वरच्या मजल्यावर जातो. एका घराला चार-पाच मिनिटं. रात्री मोरीत दोन-तीन मोठी झुरळं उताणी पडलेली दिसतात आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. महिन्याभरात मिक्सरखालून बारीक झुरळं पुन्हा निघतात. मग तक्रार, मग 'फ्री सर्व्हिस', मग तेच औषध जरा हात सैल सोडून.

त्या कंत्राटाच्या नूतनीकरणाचा कागद पुढे येईल तेव्हा आहे तसा सही करू नका, हे सांगायला हे पत्र. सभासदांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहोत, कारण किडे दिसतात सभासदाच्या घरात, पण त्यांची ये-जा, पाणी आणि निवारा बऱ्याच अंशी डक्टमध्ये, चेंबरमध्ये, टाक्यांवर आणि कचऱ्याच्या खोलीत असतो. या सगळ्याच्या किल्ल्या कमिटीकडे असतात. एका सभासदाने घर कितीही घासलं तरी डक्टमधलं पाइपाभोवतीचं भोक त्याला एकट्याने बुजवता येत नाही.

आधी झुरळांचं बोलू, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी त्यांच्याच असतात. मुंबईच्या घरांत मुख्यतः दोन जाती आहेत आणि दोघींचा इलाज वेगळा आहे. साडेतीन-चार सेंटिमीटरचं, तांबूस, वेळप्रसंगी अंगावर उडत येणारं ते अमेरिकन झुरळ. त्याचं घर गटारात आणि चेंबरमध्ये. तुमच्याकडे ते पाहुणं म्हणून येतं. दुसरं दीड सेंटिमीटरच्या आतलं, फिकट तपकिरी, मानेमागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं. ते जर्मन झुरळ. त्याला गटार आवडत नाही. ते स्वयंपाकघरातच जन्मतं आणि तिथेच मरतं: फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, शेगडीखाली, ट्रॉलीच्या रुळांत, भिंतीवरच्या घड्याळामागेसुद्धा. जर्मन मादी अंड्यांची पिशवी पिल्लं बाहेर पडायच्या वेळेपर्यंत शेपटाकडे धरून हिंडते. एका पिशवीत ३० ते ४० अंडी, आणि मुंबईच्या उबेत ती पिल्लं साधारण दोन महिन्यांत वयात येतात. पिशवीचं कवच फवाऱ्याला दाद देत नाही, म्हणजे आजच्या फवारणीतून उद्याची पिढी सुखरूप सुटते.

फवारणी फसायचं दुसरं कारण असं की फवाऱ्यातली बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि जर्मन झुरळांत त्यांना न जुमानणारे वाण जगभर सापडले आहेत. शिवाय ही औषधं मारतात त्याहून जास्त पळवतात. ३०२ मध्ये फवारलं की काही दिवसांनी ३०३ आणि ४०२ मधून तक्रार येते, ती यामुळेच. आणि ज्या ओट्यावर जेलचे ठिपके लावले आहेत तिथेच वर फवारा मारला, तर त्या वासाने झुरळं जेलला तोंड लावत नाहीत. एकाच भेटीत दोन्ही करणारा ठेकेदार आपलंच काम स्वतःच्या हाताने पुसतो.

मोठी झुरळं: हे काम प्लंबरचं

अमेरिकन झुरळासाठी औषध शोधूच नका, वाट शोधा. बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात जवळजवळ ५० मिलिमीटर पाणी साचून राहतं आणि त्या पाण्याचा पडदा गटारातली हवा आणि किडे अडवतो. पाहुण्यांचं बाथरूम, बंद फ्लॅट, क्लबहाऊसचं स्वच्छतागृह अशा ठिकाणी ते पाणी दोन-तीन आठवड्यांत आटतं आणि वाट मोकळी होते. इलाज म्हणजे आठवड्याला तांब्याभर पाणी. फ्लॅट महिनोन्महिने बंद राहणार असेल तर पाणी भरून वर दोन चमचे गोडेतेल सोडायचं; तेलाच्या थरामुळे पाणी उडत नाही. बंद फ्लॅटची यादी सचिवांकडे असतेच, मालकाच्या संमतीने हे काम वॉचमनला लावून द्या.

आता एखाद्या बाथरूममध्ये खाली बसून नीट बघा. वॉशिंग मशीनचा पाइप जाळीच्या भोकात नुसता खोचलेला असतो आणि त्याच्या भोवती बोटभर फट उरलेली असते. बेसिनखालचा वळ्यांचा पांढरा पाइपही तसाच फरशीतल्या भोकात सोडलेला. त्या दोन फटी म्हणजे झुरळांचा हमरस्ता. बाजारात यासाठी रबरी टोपी मिळते, पाइप तिच्यातून घालून भोकावर घट्ट बसवायचा. तुटक्या जाळीऐवजी बारीक भोकांची स्टेनलेस स्टीलची जाळी बसवा. पाणी तुंबतं म्हणून जाळी काढून ठेवायची सवय घराघरांत आहे. तुंबत असेल तर जाळीवरचे केस रोज काढा, पण जाळी जागेवर राहू द्या. उकळतं पाणी ओतायचा सल्ला आजी देते, तो लोखंडी पाइपांच्या काळातला. पीव्हीसीचे सांधे त्याने सैल होतात, मग गळती आणि ओल, म्हणजे किड्यांची आणखी सोय.

तळमजल्यावर चेंबरची झाकणं तपासा. फुटकं झाकण किंवा कडेला पाच मिलिमीटरहून मोठी फट असेल तर प्रौढ झुरळ आरामात निघतं. दुहेरी खाचेच्या लोखंडी झाकणाच्या खाचेत ग्रीस भरायचं असतं. बहुतेक ठिकाणी ती खाच मातीने भरलेली असते. सिमेंटची झाकणं असतील तर कडा कमी सिमेंटच्या मालाने लिंपा, म्हणजे सफाईच्या वेळी फोडता येतील. पक्कं सिमेंट लावलंत तर पुढच्या तुंबण्याला झाकणच फुटेल. नंतर डक्ट. प्रत्येक मजल्यावर सांडपाण्याचा पाइप भिंतीतून आत येतो तिथे प्लंबरने छिन्नीने केलेलं भोक पाइपाच्या दुप्पट असतं आणि टाइलच्या आड ते दिसत नाही. त्यात आधी तारेचा गुंता किंवा स्टील वुल कोंबायचं, वर सिमेंट, आणि पाइप हलत असेल तिथे सिलिकॉन. नुसता फोम मारून मोकळं होऊ नका, उंदीर तो कुरतडतात. डक्टच्या तळाशी साचलेला कचरा आणि गळका पाइप हेही याच कामात उरका. हा खर्च एकदाच होतो आणि चार-पाच फवारण्यांच्या बिलात बऱ्यापैकी बसतो.

लहान झुरळं: आधी मोजा

जर्मन झुरळाच्या बाबतीत पहिलं हत्यार म्हणजे चिकट सापळा, पुठ्ठ्याचा, दुकानात मिळतो तोच. एका स्वयंपाकघरात चार ते सहा लावायचे: फ्रिजमागे, शेगडीखाली, सिंकखाली, ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात, मिक्सरजवळ. भिंतीला अगदी टेकवून, कारण झुरळ कडेकडेने चालतं. मोकळ्या जागी मधोमध ठेवलेला सापळा आठवडाभर कोरा राहतो आणि घरात झुरळंच नाहीत असा समज होतो. सापळ्यावर पेनाने तारीख आणि जागा लिहा, सात रात्रींनी मोजा. आकड्यापेक्षा कुठल्या सापळ्यात किती हे महत्त्वाचं. एखाद्यात बारीक पिल्लं जास्त असतील तर लपायची जागा तिथून हात-दोन हातांवरच आहे, पिल्लं फार लांब जात नाहीत.

सापळे मिळाले नाहीत तर जॅमची बाटली घ्या, आतल्या काठाला वरून तीन-चार बोटं व्हॅसलिन लावा, तळाशी पिकल्या केळ्याची चकती किंवा पावाचा तुकडा, बाहेरून कागद गुंडाळा म्हणजे चढायला खरखरीत होईल. आत पडलेलं झुरळ वर चढत नाही. सकाळी साबणाच्या पाण्यात ओता.

जागा कळली की क्रम असा. प्रथम पाणी. जर्मन झुरळ पाणी मिळालं तर अन्नाशिवाय महिनाभर काढतं, पाणी बंद झालं तर दोन आठवड्यांच्या आसपास संपतं. म्हणून सिंकखालचा थेंब, फ्रिजमागचं पाण्याचं ताट, ओट्यावर रात्रभर राहणारा ओला पोछा आणि शेजारी भिजत घातलेली भांडी आधी. मग व्हॅक्यूम क्लीनर, नळीला चपटं तोंड लावून, बिजागऱ्या आणि रुळांतून जिवंत झुरळं, पिशव्या आणि काळी विष्ठा ओढून घ्यायची. ती विष्ठा इतर झुरळांना तिथे बोलावते आणि तिचे कण दमेकऱ्यांना त्रास देतात, त्यामुळे नुसतं मारून उपयोग नाही, पुसून काढावं लागतं. व्हॅक्यूमची पिशवी त्याच दिवशी बंद करून बाहेर. समोर पळताना दिसलेल्यावर साबणाचं पाणी: एक लिटर पाण्यात दोन चमचे भांडी घासायचा द्रव, स्प्रेच्या बाटलीतून थेट अंगावर. श्वासाची छिद्रं बुजून ते मरतं. वाळल्यावर या पाण्याचा काहीही असर राहत नाही, एवढं लक्षात ठेवा. भिंतींवर शिंपडून हे औषध होत नाही.

त्यानंतर फटी. दोन मिलिमीटरची फट लहान पिल्लाला पुरते. ओटा आणि टाइल यांच्यामधला सांधा, स्विचबोर्डामागचं भोक, कपाटाच्या पाठीमागची प्लायची कड, सिलिकॉनने किंवा पांढऱ्या सिमेंटने. सिलिकॉन ओल्या किंवा तेलकट जागेवर धरत नाही, दोन दिवसांत सालासारखं निघतं. आधी सोड्याच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. हे काम ऑक्टोबर ते मे दरम्यान करा. जुलैत भिंतच ओली असते.

इतकं करून सापळ्यांत झुरळं येतच राहिली तर बोरिक अॅसिड. हे विष आहे, फक्त कमी तीव्रतेचं आणि हवेत न उडणारं. कोरडी पावडर फटींत इतकी पातळ मारायची की जेमतेम पांढरट दिसेल. केचपच्या रिकाम्या, वाळलेल्या बाटलीतून फुंकर मारल्यासारखी. ढीग टाकला तर झुरळ त्याला वळसा घालून जातं. पातळ थरावरून चाललं तर पायांना लागतं, पाय चाटताना पोटात जातं, आणि ते काही दिवसांनी मरतं. ओल लागली की पावडरचा गोळा होतो आणि ती निकामी होते. मुंबईत लोकांना 'बोरिक चालत नाही' असं वाटतं ते पावसाळ्यात सिंकखाली टाकल्यामुळे. अशा जागी गोळ्या बऱ्या: दोन चमचे बोरिक, दोन चमचे कणीक, एक चमचा पिठीसाखर आणि अर्धा लहान कांदा किसून, पाणी न घालता मळायचं. हरभऱ्याएवढ्या चाळीस-पन्नास गोळ्या होतात. बाटलीच्या झाकणांत ठेवून कपाटांच्या मागे सरकवा, दहा दिवसांनी बदला, कारण वाळून खडा झालेली गोळी कोणी खात नाही. कॅरमवर टाकायची प्रत्येक पावडर बोरिक असतेच असं नाही, पाकीट वाचा. आणि रांगतं मूल किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात हात पोचेल अशा कुठल्याही जागी हे ठेवू नका. एखादा चमचाभर बोरिक पोटात जाणं लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एकाच घराचा इलाज. ज्या घरात सापळे भरले त्याच्या शेजारची, वरची आणि खालची घरं त्याच आठवड्यात मोजायला हवीत. हे घडवून आणणं फक्त कमिटीच्या हातात आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत हीच तुलना करून पाहिली होती आणि ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली: सफाई, फटी बुजवणं आणि मोजकं आमिष या वाटेने गेलेल्या घरांत झुरळं नेहमीची फवारणी चालू असलेल्या घरांपेक्षा कमी राहिली.

'हर्बल' या शब्दाविषयी दोन ओळी. नोटिशीत 'हर्बल जेल ट्रीटमेंट' लिहिलेलं असतं. त्या सिरिंजवरचं लेबल वाचलंत तर बहुधा इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के किंवा फिप्रोनिल ०.०५ टक्के सापडेल. दोन्ही रासायनिक कीटकनाशकं आहेत, तुळस-कडुलिंबाशी त्यांचा संबंध नाही. तरीही सांगतो, फवारणी आणि जेल यांत निवडायचंच झालं तर जेल कितीतरी बरं: मुगाएवढे ठिपके, बिजागरीच्या आत, हवेत काही नाही. फक्त खोटं नाव देऊन विकू नये. जेलचीही एक गंमत आहे. ग्लुकोज घातलेलं आमिष टाळणारी जर्मन झुरळं अमेरिकेत आढळल्याचं १९९३ मध्ये नोंदलं गेलं. पुढे २०१३ मध्ये कळलं की त्यांच्या जिभेला ग्लुकोज कडू लागतं. म्हणून ठिपके तसेच्या तसे उरलेले दिसले तर ते वाढवू नका, जेलचा प्रकार बदलायला सांगा.

मुंग्यांवर फवारा तर अजिबात नको. स्वयंपाकघरातल्या अगदी बारीक पिवळट मुंग्यांच्या वारुळात अनेक राण्या असतात आणि फवारा बसला की एका वारुळाची चार होतात. अर्धा कप, म्हणजे १०० मिली कोमट पाण्यात दहा ग्रॅम साखर आणि एक ग्रॅम बोरिक विरघळवून कापसाचा बोळा भिजवा, झाकणात ठेवा. पहिल्या दिवशी रांग वाढेल, तिला हात लावू नका. बोरिक जास्त घातलं की मुंग्या वाटेतच मरतात, राणीपर्यंत काही पोचत नाही. एक टक्का याच कारणाने. बोळा वाळू न देता दोन-तीन आठवडे चालू ठेवावं लागतं. खडूच्या रेघा मात्र बंद करा. मुंगी-झुरळाच्या खडूत पायरेथ्रॉइडच असतं आणि मुलांच्या हातात तो पाटीच्या खडूसारखाच दिसतो.

ढेकूण

ढेकूण घाणीमुळे होत नाहीत. ते प्रवासाच्या बॅगेतून, पीजीच्या गादीतून, जुन्या बाजारातल्या सोफ्यातून येतात. ज्याच्या घरी निघाले त्याने लाजेने लपवलं तर आणखी चार घरं जातात, म्हणून कमिटीने नोटिशीत नाव न छापता मदत देऊ करावी.

इथे उष्णता हेच औषध. पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात, पण ती उष्णता आतपर्यंत पोचली पाहिजे. चादरी, उशांचे अभ्रे, पडदे ६० अंशांच्या धुण्यात किंवा ड्रायरमध्ये सर्वांत गरम तापमानाला अर्धा तास. कपडे घरातून नेताना प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारून न्या, नाहीतर जिन्यात सांडत जातील. लोखंडी पलंग असेल तर चाळीतली जुनी रीत अजूनही उत्तम: पलंग बाहेर काढून सांध्यांवर उकळतं पाणी. लाकडी पलंगाला आणि गादीच्या शिवणींना वाफेचं यंत्र, तोंडाला रुंद ब्रश आणि फडकं लावून, सेकंदाला सेंटिमीटरभर इतक्या सावकाश. घाई केली किंवा बारीक नळी वापरली की वाफेच्या झोताने पिल्लं उडून पलीकडे पडतात. वाफ फिरल्याबरोबर पृष्ठभाग ७० अंशांच्या वर आहे का ते साध्या इन्फ्रारेड थर्मामीटरने बघता येतं. स्विचबोर्डात वाफ नको, हे सांगायला नकोच.

गच्चीवर गादी उन्हात टाकणं मुंबईत भरवशाचं नाही. वरची बाजू तापते, ढेकूण खालच्या थंड बाजूला सरकतात. पुस्तकं, चपला, खेळणी अशा वस्तू फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना चार दिवस ठेवता येतात. घरच्या फ्रीझरचं तापमान आधी मोजा. गादीला पूर्ण बंद होणारी चेनची खोळ घाला आणि ती वर्षभर काढू नका, आत अडकलेला ढेकूण उपाशी पुष्कळ महिने टिकतो. पलंग भिंतीपासून वीतभर दूर ओढून प्रत्येक पायाखाली गुळगुळीत काठाची वाटी, आत टाल्कम पावडरचा हलका हात. चढता-उतरता ढेकूण वाटीत अडकतो आणि मोजताही येतो. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून वाफेची दुसरी फेरी दहाव्या-बाराव्या दिवशी हवीच. पहिल्या फेरीनंतर 'गेले' म्हणून थांबणारे महिन्याभरात परत सुरुवातीला येतात. रॉकेल ओतणाऱ्यांना आवरा. आग लागते, अंडी मरत नाहीत. डायटोमेशिअस अर्थ नावाची पांढरी पावडर ऑनलाइन खूप विकली जाते. कोरड्या हवेत ती चांगली, पण जुलै-ऑगस्टच्या आपल्या दमट हवेत तिचा जोर बराच ओसरतो.

डास

यात कायदाही तुमच्याच मागे लागतो. आवारात डासांच्या अळ्या सापडल्या तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ खाली नोटीस संस्थेला येते. डेंग्यूचा एडिस स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो. मलेरियाचा शहरी अॅनोफिलीस पाण्याच्या टाक्यांत वाढतो. अंडं ते डास हा प्रवास सात ते दहा दिवसांचा, म्हणून आठवड्यातून एकदा फेरी. पाहायच्या जागा: गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि त्याची कडी, ओव्हरफ्लो आणि व्हेंट पाइपांची तोंडं, लिफ्टचा खड्डा, आगीच्या पाण्याची टाकी, पावसाळी शेडवरच्या ताडपत्रीतले खळगे, एसीखालचे डबे, कुंड्यांच्या थाळ्या, मनी प्लांटच्या बाटल्या. पाइपांच्या तोंडाला कापड बांधतात, ते दोन पावसांत कुजतं. इंचाला १६-१८ भोकांची स्टेनलेस जाळी क्लिपने बांधा. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात, त्यामुळे थाळी नुसती उपडी करून भागत नाही, काथ्याने घासावी लागते. उपसता न येणाऱ्या पाण्यात बीटीआय हा जिवाणू लेबलवरच्या प्रमाणात टाका, तो डासांच्या अळ्यांखेरीज इतरांना जवळजवळ निरुपद्रवी आहे. शोभेच्या हौदात गप्पी मासे.

धुरळणीची मागणी सभासद जोरात करतात, कारण धूर दिसतो. तो फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासाला लागतो. अळ्यांना काही होत नाही, आणि एडिस तर तेव्हा खिडक्या लावलेल्या घरात पडद्यामागे बसलेला असतो. घरातल्या कॉइलचंही तसंच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. खिडकीला जाळी, झोपताना मच्छरदाणी आणि पंखा. अल्ट्रासोनिक यंत्रांवर पैसे घालू नका, ती चालत नाहीत. कापूर-गवती चहाचा वास तासाभराचा. पाल मात्र राहू द्या, फुकटात काम करते.

धान्याचं थोडक्यात: टोके, सोंडे झाले तर पाच किलोच्या आतलं धान्य फ्रीझरमध्ये चार दिवस, मग पिशवी उघडण्याआधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरून बुरशी येते. नवं धान्य घट्ट झाकणाच्या डब्यात, जुन्यावर ओतू नका. तांदळाला बोरिक चोळून ठेवायची पद्धत सोडलेली बरी, धुतलं तरी सगळं जाईल याची खात्री नाही. डाळीला एरंडेलाचा हात चालतो. वाळवीचं मूळ ओल असते: गळती बंद करा, लाकूड मातीला आणि ओल्या भिंतीला टेकू देऊ नका, मातीच्या नळ्या दिसल्या की खरडून तारीख लिहा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. नळी परत बांधली गेली असेल तर जाणकाराला बोलवावंच लागेल. वाळवीवर घरगुती उपायाने वेळ घालवू नये.

कंत्राटात काय लिहायचं

ठेकेदार नकोच असं आमचं म्हणणं नाही. त्याला पैसे कशाचे द्यायचे ते बदला. ठरावीक तारखेची सरसकट फवारणी काढून टाका. त्याजागी दरमहा सापळे लावून मोजणं, आकडे घरानुसार लिहून देणं, आणि आकडा आला तिथेच काम करणं. फटी आणि जाळ्यांचं काम वेगळी बाब म्हणून दरासकट लिहा, नाहीतर ते कोणीच करणार नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ खालील परवान्याची प्रत मागा. जे काही वापरणार त्याचं औषधी नाव, टक्केवारी, नोंदणी क्रमांक आणि लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग आधी लेखी. लाल त्रिकोण सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरात लाल-पिवळा येऊच द्यायचा नाही. बिनलेबलच्या बाटलीतून पंप भरताना दिसला तर काम तिथेच थांबवा. डायक्लोरव्हॉस आपल्याकडे २०२० च्या अखेरीपासून बंद आहे, तरी जुन्या सवयीने कोणी नाव काढलं तर नकार द्या.

आणि एक गोष्ट कंत्राटात ठळक अक्षरांत: अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या कुठल्याही सदनिकेत, दुकानगाळ्यात किंवा माळ्यावर वापरायच्या नाहीत. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, तो भेगांतून आणि डक्टमधून शेजारच्या झोपलेल्या माणसांपर्यंत जातो, आणि त्यावर उतारा नाही. तळमजल्याच्या गाळ्यांत धान्याचं किंवा फर्निचरचं गोदाम असेल तर गाळेधारकाकडून हे लेखी घ्या.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विंगमधल्या दहा स्वयंपाकघरांत चार-चार सापळे लावा, सात रात्रींनी मोजा, मजल्यांच्या नकाशावर आकडे लिहा. आकडे एका उभ्या रांगेत एकाखाली एक आले तर तो डक्ट आधी उघडा. तो नकाशा अहवालाच्या शेवटच्या पानावर लावा आणि नूतनीकरणाचा विषय त्यानंतर घ्या.

आपले,
घरगुती कीड नियंत्रण आणि इमारत देखभालीचं काम करणारे काही मुंबईकर